नीरा कालव्यावरचे डॉक्टर

खेड्यात डॉक्टर म्हटले की माणसाला सुई आठवते. नावामागे डॉक्टर लावणारा एखादा गृहस्थ गावात राहायला आला, की पहिल्या आठवड्यात चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला येतात आणि पाचवा कोणीतरी म्हैस घेऊन येतो. "मी मातीचा डॉक्टर आहे, माणसांचा नव्हे," असे त्याने सांगितले की मंडळी हिरमुसतात. मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे कॉलेजात शिकवता काय?"

ह्या दोन प्रश्नांपलीकडे आपली कल्पना जात नाही. विद्यापीठाची सर्वांत वरची पदवी मिळवलेल्या माणसाने कॉलेजात मास्तरकी करायची, दुसरे काही करायचे राहिलेच तर नशीब फुटले म्हणायचे, अशी आपली समजूत. आणि ह्या समजुतीची झळ आज पुष्कळ घरांना लागते आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली पोरे-पोरी आता पीएच.डी. करतात. त्यांच्या पदवीत बापाची उसाची बिले गेलेली असतात. पदवी मिळाल्यावर तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत धावायचे, कायमच्या जागेची जाहिरात निघेल म्हणून वाट पाहायची, आणि घरी आले की "एवढे शिकून काय झाले?" हा प्रश्न ऐकायचा. मुलगी असली तर प्रश्न विचारणारे आणखी वाढतात.

शेतकरी बंधूभगिनींनो आणि शिक्षकमित्रहो, आज मला आपल्याला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. कॉलेजाच्या चार भिंतींबाहेर काम करणारा विद्वान ही ह्या दोन तालुक्यांना नवी गोष्ट नाही. दोनशे वर्षे होत आली, तो येथे येतो आहे. कधी तो साफ फसला, कधी फार उपयोगी पडला. केव्हा फसला आणि केव्हा उपयोगी पडला, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात इंदापुरापासून करू. १८१८ साली पेशवाई गेली आणि मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. सरकारपुढे पहिला सवाल होता तो साऱ्याचा. कोणत्या जमिनीला किती सारा लावायचा? १८२८ पासून रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी ह्या कामाला लागला. तो हेलीबरी येथील कंपनीच्या कॉलेजात शिकलेला. त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते ते प्रख्यात माल्थस. रिकार्डो ह्या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धांत तेव्हा अगदी ताजा होता. पिकाच्या किमतीतून मशागतीचा सगळा खर्च वजा करावा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातला ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, असा प्रिंगलचा हिशेब होता. हा हिस्सा त्याने शेकडा ५५ धरला. १८३० मध्ये नवा सारा लागला तो सर्वांत आधी इंदापुरात.

कागदावर हिशेब सुरेख होता. पण निव्वळ उत्पन्न काढायचे म्हणजे बियाणे किती, बैलांना वैरण किती, मजुरी किती, खत किती, हे प्रत्येक प्रतीच्या जमिनीसाठी ठरवायचे. ही माहिती गोळा करणारे कारकून खालच्या दर्जाचे. त्यांत लाचलुचपत माजली. धान्याचे भाव उतरले. शिवाय इंदापूरचा पाऊस! तो कोणत्या सिद्धांताला बांधलेला आहे? एक वर्ष पडतो, दोन वर्षे दडी मारतो. चार-पाच वर्षांत जमिनी पड पडल्या आणि कित्येक कुणब्यांनी शेते टाकून गाव सोडले.

१८३५-३६ मध्ये सरकारने ते सगळे गुंडाळले आणि गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट ह्या दोघांना नव्याने पाहणी करायला इंदापुरातच धाडले. गोल्डस्मिड मुलकी खात्यातला, विंगेट इंजिनियर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून माती किती खोल आहे आणि रंग कोणता आहे हे पाहायचे. पावणेदोन हात खोल उत्तम काळी निघाली की ती सोळा आणे. खोली कमी झाली, रंग तांबूस किंवा बरड निघाला की आणे उतरले. चुनखडी, उतार, पाणथळपणा असे दोष दिसले की आणखी उतरले. अशा नऊ प्रती पाडल्या. हे काम गावच्या माणसाच्या डोळ्यांदेखत होई आणि त्याला ते कळे. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. इंदापूरच्या शिवारात जे खड्डे खणले गेले, त्यांवर साऱ्या इलाख्याची जमाबंदी उभी राहिली म्हणा ना.

ती पद्धतही निर्दोष नव्हती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली इंदापुरात सारा पुन्हा चढला. त्यात कापसाचे भाव कोसळले, सावकाराचा फास आवळला, आणि १२ मे १८७५ रोजी आताच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद आहे ती ह्याची. ती कहाणी निराळी आणि मोठी, म्हणून येथे सोडून देतो.

प्रिंगल किंवा विंगेट हे काही डॉक्टर नव्हते. पीएच.डी. ही मूळ जर्मन विद्यापीठांतली चाल; इंग्लंडच्या विद्यापीठांनी ती उचलली पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा नमुना ह्या दोघांत आहे. एकजण उत्तर घेऊन आला आणि ते शेताला लावू लागला. दुसऱ्याने आधी खड्डा खणला.

दंग्यानंतर लगेच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्याच्या धसक्याने सरकारने पाटबंधारे हाती घेतले. भोरजवळ भाटघरचे धरण, वीर येथे बंधारा आणि तेथून निघणारा नीरा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटले आणि पुरंदर, बारामती, इंदापूर अशी त्याची वाट पडली. जेथे ज्वारी-बाजरी हमखास येईल असे नव्हते तेथे ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली.

आणि वीस-पंचवीस वर्षांत एक विपरीत दिसू लागले. ओढ्याकाठच्या खोल काळ्या रानांत, म्हणजे विंगेटने सोळा आणे ठरवली असती अशा रानांत, ऊस पिवळा पडू लागला. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर फुटे. पावसात तीच जमीन साबणासारखी बुळबुळीत होई, वाळली की दगड. गवतसुद्धा धड उगवेना. आपण तिला खारपड म्हणतो, चोपण म्हणतो. दुष्काळात जमीन पडून राहते हे लोकांना माहीत होते. पाण्याने जमीन मरते हे नवीन होते. लोक म्हणाले, कालव्याचे पाणी बाधले.

ह्या ठिकाणी आपला पहिला खरा डॉक्टर येतो. डॉ. हॅरॉल्ड मॅन, जन्म १८७२, इंग्लंडमधील यॉर्कचा. रसायनशास्त्रात डी.एस्सी. १९०० साली हिंदुस्थानात आला तो कॉलेजात शिकवायला नव्हे, तर चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचा शास्त्रज्ञ म्हणून. सात वर्षे आसाम-बंगालच्या मळ्यांत चहाची माती आणि चहावरचे रोग पाहिले. १९०७ मध्ये तो पुण्याच्या शेतकी कॉलेजाचा प्राचार्य झाला. आता कोणी म्हणेल, प्राचार्य म्हणजे कॉलेजातलाच की! नेमणूक तशी होती खरी. पण ह्या माणसाने कॉलेज वापरले ते पालखीच्या तळासारखे; मुक्काम तेथे, चालणे बाहेर. आपल्या हाताखालच्या मराठी सहकाऱ्यांना घेऊन तो गावोगाव हिंडला. त्यांतले ताम्हणे आणि मॅन ह्यांनी मिळून नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. मुंबई शेतकी खात्याने ती १९१० साली छापली.

खारपडीचे कोडे काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते आजही तितकेच खरे आहे. आपल्या काळ्या मातीतून पाणी खाली झिरपायला फार वेळ लागतो. कालव्यातून, चाऱ्यांतून आणि उसाच्या सऱ्यांतून वर्षानुवर्षे पाणी मुरत गेले की जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी माती ते पाणी वर ओढते. ऊन लागते, पाणी उडून जाते, आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. पातेल्यातले मिठाचे पाणी आटवले की तळाला काय राहते ते घरातल्या बायकांना सांगायला नको. ह्या क्षारांतला सोडियम मातीच्या कणांना चिकटला की चिकणमाती फुगते आणि तिची भोके बुजतात. मग तर पाणी खाली जायची वाटच बंद. दोष कालव्याच्या पाण्यात विष असण्याचा नव्हता. पाणी आणायची वाट केली आणि न्यायची वाट केली नाही, ह्याचा होता.

उपायही त्यातूनच निघतो. ओढे-नाले खोल करा, चर काढा, खालचे पाणी वाहते करा. मग क्षार धुऊन जातील. चोपण असेल तर जिप्सम टाका, ताग-धैंचा गाडा. आणि मुळात जेथे निचरा नाही त्या रानाला बारमाही पाणी देऊ नका. ह्याच सुमारास विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीत इंजिनियर होते. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. शेताचे ठरावीक तुकडे बांधून द्यायचे, त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यातच ऊस आणि बाकीत हंगामी पिके, अशी फेरपालट. पाणीही पुरते, जमिनीलाही विसावा मिळतो.

मग चोपण हटली काय? नाही. येथे मला जरा स्पष्ट बोलले पाहिजे. मॅन-ताम्हणे ह्यांची पुस्तिका इंग्रजीत होती. ती मुंबईला पोचली, मामलेदार कचेरीच्या कपाटात पोचली. उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ती कोणत्या वाटेने जायची? ती वाट कोणी बांधलीच नव्हती. माती शोधणारा होता. शोध सांगणारा नव्हता. माझ्या मते ह्या सबंध इतिहासातला मोठा दोष हा आहे, आणि त्याची किंमत शेताने मोजली.

सरकारी बाजूने मात्र त्यातून एक अनपेक्षित फळ निघाले. दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ जमिनींचा आणि पाणीवापराचा अभ्यास करण्यासाठी १९१६ साली मुंबई सरकारने एक खास पाटबंधारे शाखा काढली. क्लॉड इंग्लिस नावाचे इंजिनियर तिचे प्रमुख. तीच शाखा वाढत वाढत आज पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली आहे. देशातल्या धरणांचे आणि बंदरांचे लहान नमुने बांधून तेथे पाण्याची परीक्षा घेतात. तेथे डॉक्टर झालेले कितीतरी शास्त्रज्ञ काम करतात आणि त्यांतला एकही फळ्यापुढे उभा नसतो. त्यांच्या संस्थेचे मूळ आपल्याकडच्या पांढऱ्या पडलेल्या रानांत आहे, हे शाळेत मुलांना जरूर सांगा.

डॉ. मॅनविषयी आणखी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरन्‌घर पाहणी केली आणि १९१७ साली पुस्तक काढले. १७७१ च्या सुमारास त्या गावात एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली, आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान. एका रसायनशास्त्रज्ञाने हे मोजले! त्याला मातीपासून माणसापर्यंत जाताना कोणी अडवले नाही, आणि त्याने स्वतःलाही अडवले नाही. आज त्या पिंपळे सौदागरात एकरांचा हिशेब राहिलेला नाही. तेथे चौरस फुटांवर भांडणे होतात. मॅन पुढे इलाख्याचा शेती संचालक झाला आणि १९२७ साली निवृत्त होऊन मायदेशी गेला. तरी दख्खन त्याच्या डोक्यातून गेली नाही. १८६५ ते १९३८ ह्या काळातला आपल्याकडचा पाऊस आणि दुष्काळ ह्यांचा हिशेब मांडणारे त्याचे पुस्तक १९५५ मध्ये निघाले. तेव्हा त्याचे वय ८३ होते.

आता १९३२ सालाकडे येऊ. नीरा स्टेशनाजवळ, नदीच्या सातारा बाजूला, फलटण तालुक्यातल्या पाडेगावी उसाचे संशोधन केंद्र निघाले. कालव्यावरच्या उसाचे दुखणे काय आहे ते कालव्याच्या कडेलाच बसून शोधायचे, हा त्याचा हेतू. तेथे मातीचे काम पाहायला डॉ. जे. के. बसू होते. त्यांनी आणि सिरूर ह्यांनी नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवा ह्यांखालच्या जमिनींची पाहणी करून १९३८ साली प्रसिद्ध केली. पद्धत कोणती? पुन्हा खड्डा! पण विंगेटचा माणूस खड्ड्यात खोली आणि रंग पाहून वर येई. बसूंनी खड्ड्याच्या भिंतीवरचे थर वाचले: वर काय, मध्ये काय, चुना कोठे साचला, क्षार कोठे बसले, पाणी कोठे अडले. त्यावरून जमिनीच्या जाती पाडल्या. एखाद्या रानाला ऊस सोसेल की नाही, हे ऊस लावण्यापूर्वीच सांगता येऊ लागले.

पाडेगावचे नाव आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे ते जातींमुळे. को ८६०३२ हा ऊस माहीत नाही असा बागाईतदार बारामतीत सापडायचा नाही. त्याचा संकर कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेतला. महाराष्ट्रात पाडेगावकडून तो १९९६ मध्ये प्रसारित झाला आणि त्याचे नाव ठेवले 'नीरा'. जिच्या काठावर परीक्षा झाली, तिचे नाव. एक जात तयार व्हायला कितीतरी हंगाम जातात. त्यातले हिशेब ठेवणारे, साखरेचा उतारा काढणारे, रोग टिपणारे लोक कोण होते हे आपण कधी विचारतो काय? बेणे आणतो, लावतो, मोकळे होतो.

फलटणचा विषय निघालाच आहे तर गावातच जाऊ. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण काही लांब नाही. येथे १९६८ साली बनबिहारी निंबकर ह्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सरकारी नव्हे, विद्यापीठाची नव्हे. एका शेतकऱ्याने उभारलेली. त्यांच्या पत्नी जाई ह्या इरावतीबाई कर्वे ह्यांच्या कन्या. इरावतीबाईंनी १९३० च्या सुमारास बर्लिनला डॉक्टरेट घेतली आणि डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानववंशशास्त्राचे काम केले. त्यांचे पती दिनकर कर्वे हेही जर्मनीत रसायनशास्त्राचे डॉक्टर, आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. म्हणजे घराणे कॉलेजाचे. पण नातींनी काय केले? नंदिनी निंबकर अमेरिकेत डॉक्टर होऊन आल्या आणि करडईत गुंतल्या. करडई काढताना हाताची काय दशा होते ते सोलापूर-इंदापूरकडच्या बायकांना विचारा! ह्या संस्थेने बिनकाट्याची करडई दिली.

दुसरी नात चंदा निंबकर. त्यांनी ऑस्ट्रेलियात पशुपैदाशीच्या शास्त्रात डॉक्टरेट केली आणि काम घेतले धनगरांच्या मेंढ्यांचे. आपली दख्खनी मेंढी काटक. पण ती एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची चणीने लहान मेंढी आहे. तिला जुळी होतात. ह्यामागे एकच जनुक आहे, असे तपासात निघाले. ते जनुक पिढ्यांच्या संकरातून दख्खनी मेंढीत आणायचे, पण काटकपणा आणि अंगलट दख्खनीचीच ठेवायची, असा हा खटाटोप. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी आली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञही ह्या कामात होते. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. ह्या मेंढ्या संस्थेच्या वाड्यात ठेवून भागणार नव्हते. त्या धनगरांच्या कळपांत दिल्या आणि तेथे नोंदी ठेवल्या: किती जुळी झाली, किती जगली, दूध पुरले की नाही. कारण जुळी झाली आणि चारा नसला तर धनगराला तो आनंद नव्हे, घोर आहे. गाभण मेंढीला थोडा खुराक द्यावा लागतो, दुबळ्या कोकराला वरचे दूध पाजावे लागते. हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. ते वाघरीपाशी गेल्यावर कळते.

ह्याच संस्थेत १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी आले. कानपूरच्या आय.आय.टी.चे इंजिनियर, अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाची पीएच.डी.; विषय सूर्यशक्ती. तेव्हा अमेरिकेतून परतणारा मनुष्य मुंबई-दिल्ली सोडून फलटणला येतो, हे ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला असेल. त्यांनी गोड ज्वारीपासून अल्कोहोल, त्या अल्कोहोलवर चालणारे दिवे आणि शेगड्या, विजेवरची सायकल रिक्षा, असे घरगुती गरजांचे विषय आयुष्यभर हाताळले. त्यातले सगळे बाजारात चालले असे नाही. पण प्रश्न खेड्याने विचारलेले होते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बारामतीत स्वतःत काय आहे? १९७१ साली अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान निघाले. त्याचे कृषी विज्ञान केंद्र माळेगावला शारदानगरात आहे. मघाशी मी म्हटले की शोध होता पण सांगणारा नव्हता. कृषी विज्ञान केंद्र ही त्या सांगणाऱ्याची जागा. तेथे माती, पिके, फळबाग, रोग-किडी, जनावरे अशा एकेका विषयाचा तज्ज्ञ असतो. त्या जागेला पदव्युत्तर पदवी लागते आणि अर्ज करणाऱ्यांत डॉक्टर पुष्कळ असतात. पण मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांनी एक ध्यानात धरावे. तेथे दोनशे पानांचा प्रबंध पाच मिनिटांत, मराठीत, बांधावर उभे राहून सांगता आला पाहिजे. ते ज्याला जमत नाही त्याला शेतकरी नमस्कार करतो आणि औषधाच्या दुकानदाराला विचारून फवारणी करतो.

त्याच तालुक्यात, माळेगाव खुर्दला, २००९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काढली. नाव जड आहे. अर्थ साधा आहे: कीड-रोग सोडून पिकाला जे जे छळते ते सगळे, म्हणजे अवर्षण, ऊन, पाणथळ आणि क्षार. संस्थेला जागा मिळाली ती खडकाळ माळ. दगड फोडून, माती घालून तेथे झाडे उभी केली. तेव्हा १९१० सालच्या त्या पुस्तिकेचा प्रश्न शंभर वर्षांनी त्याच खोऱ्यात परत आला आहे, आणि ह्या वेळी त्याला एक अख्खी संस्था मिळाली आहे. ह्या परिषदेच्या शास्त्रज्ञांच्या जागा कृषी वैज्ञानिक भरती मंडळाच्या परीक्षेतून भरतात. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ती निघाली, ती साखर कारखान्यांच्या पैशातून. म्हणजे एका अर्थाने शेतकऱ्याने ठेवलेले हे शास्त्रज्ञ. कारखान्यांचे ऊस विकास खाते, बियाण्यांच्या कंपन्या, ऊतिसंवर्धनाची रोपे करणाऱ्या प्रयोगशाळा, ह्यांनाही अशी माणसे लागतात.

शिक्षक मंडळी येथे मला अडवतील. "शेतीचे ठीक आहे. इतिहासात नाहीतर मराठीत पीएच.डी. केलेल्याने काय करायचे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्या बाजूला वाटा कमी आहेत हे कबूल केले पाहिजे. पण अगदीच नाहीत असे नाही. वाईला मराठी विश्वकोशाचे काम आहे, राज्याचा गॅझेटियर विभाग आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत आणि मोडी नीट वाचणारे मोजकेच. शिवाय डॉक्टर झालेल्याने शिकल्या विषयाला जन्मभर बांधून घ्यावे असा काही नियम नाही. पंजाबराव देशमुखांनी डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातील धर्मावर. आणि १९५२ ते १९६२ ते होते देशाचे शेतीमंत्री. डॉ. आंबेडकरांचे कोलंबिया आणि लंडनचे दोन्ही प्रबंध अर्थशास्त्राचे, एक प्रांतिक अर्थकारणावर आणि दुसरा रुपयावर. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले ते थोडकी वर्षे. पुढचे काय ते मी सांगायला नको.

मातीच्या डॉक्टरापाशी जायचे असेल तर मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वी, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाची जागा टाळा. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. रान चोपण असेल किंवा डाळिंब, द्राक्षे लावायची असतील तर वीतभराने भागणार नाही. तीन फूट खणावे लागेल आणि दर फुटाची माती निराळ्या पिशवीत भरावी लागेल. पिशवीवर नाव, गट नंबर, मागचे पीक आणि पुढचे पीक लिहा. ओलावा कोठे लागला आणि खाली मुरूम किती फुटांवर लागला, तेही लिहा. हा शेवटचा रकाना पुष्कळजण कोराच सोडतात.